निगरगट्ट : वाक्यात उपयोग करा

शाळेच्या ग्रुपवर महिनाभर एकच मेसेज फिरतोय. सरांची पंचाहत्तरी आलीय, गौरव अंक काढायचा आहे, तरी प्रत्येकानं सरांची एक हृद्य आठवण दोन पानांत लिहून पाठवावी, सोबत स्वतःचा फोटो. हृद्य म्हणे. भिंगारच्या बाजारात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, लग्नसराई तोंडावर आलीय, मान वर करायला फुरसत नाही. तरी लिहायला बसले, कारण आठवण आहे. हृद्य नाहीये. छापायची की नाही ते ज्याचं त्यानं बघावं.

सर आम्हाला आठवी ते दहावी मराठी शिकवायचे. माणूस रडतो की नाही, यावरून ते माणसाची पारख करायचे. हा त्यांचा विनोद नव्हता, सिद्धांत होता. पुस्तकात एखादा करुण धडा आला की सरांच्या अंगात यायचं. मोठ्यानं वाचत वाचत ते बाकांमधून फिरायचे आणि डस्टरनं एकेकाची हनुवटी वर करून डोळ्यांत बघायचे. पाणी असेल तर पुढं जायचे. नसेल तर तिथंच थांबून तोच परिच्छेद पुन्हा वाचायचे, पाणी येईपर्यंत. तोंडी परीक्षेत दहातले पाच मार्क पाण्याचे. आता सांगा, तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना मागितल्यावर रडू कुठून येणार? मुली डोळ्यांखाली थुंकी लावायच्या. मुलं खिशात कांद्याची फोड ठेवायची, आमच्याकडं त्याला तोटा नव्हता. वर्गभर वास सुटायचा. सरांना तो कळायचा, तरी मार्क द्यायचे. म्हणायचे, "प्रयत्न केला ना? म्हणजे मन आहे."

ज्यांनी प्रयत्नही केला नाही, त्यांच्यासाठी सरांकडं एक शब्द होता. आठवीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी तो फळ्यावर लिहिला, खाली दोन रेघा मारल्या. निगरगट्ट. विशेषण. अर्थ, ज्याला पाझर फुटत नाही असा. मग म्हणाले, वाक्यात उपयोग करा. एकानं सांगितलं, आमचे काका निगरगट्ट आहेत. शाब्बास. दुसऱ्यानं सांगितलं, पोलीस निगरगट्ट असतात. शाब्बास. माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, आमची म्हैस निगरगट्ट आहे, हाकललं तरी रस्त्यातून हलत नाही. सर म्हणाले, "म्हशीला पान्हा फुटतो. ती निगरगट्ट नसते. तू आहेस. बस खाली." सगळा वर्ग हसला. मला मुळीच रडू आलं नाही, त्यामुळं सरांचं म्हणणं सिद्धच झालं.

आमच्या घरी हा शब्द काही इतका भारी नव्हता. आई तो सकाळच्या चहाबरोबर वापरायची. "चार हाका मारल्या तरी उठत न्हाई, निगरगट्ट मेली," असं म्हणून पांघरूण ओढायची. म्हणजे त्या शब्दात उठवणारं कुणीतरी असायचं आणि न उठणारं कुणीतरी. रडण्याचा काही संबंध नव्हता.

पण सरांचं खरं राज्य शाळेत नव्हतंच. ते होतं नदीवर. आमच्या भागात दहाव्याला नुसते विधी होत नाहीत, भाषणं होतात. कोल्हारला प्रवरेच्या घाटावर सकाळी मंडप पडतो, तासभर प्रवचन होतं, मग श्रद्धांजल्या सुरू. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, निवडणुकीला उभा राहणार असलेला एखादा, सगळे उठून दोन शब्द बोलतात. गेलेल्याला त्यांतल्या निम्म्यांनी कधी बघितलेलंही नसतं. या सगळ्यांची नावं पुकारायला आणि मधे मधे वातावरण ओलं ठेवायला एक माणूस लागतो. पंचक्रोशीत तो माणूस म्हणजे सर. पैसे घेत नसत, हे मान्य करते. त्यांना माइक पुरायचा.

दोन रुमाल घेऊन यायचे. एक चौकटीचा, नाक पुसायचा. दुसरा पांढराशुभ्र, इस्त्रीचा, लोकांसमोर काढायचा. घाटावर आले की घरच्या कुणाला तरी बाजूला घेऊन तीन प्रश्न विचारायचे. वय किती? मुलं किती? आजारी होते की अचानक? एवढ्या भांडवलावर पाऊण तास. बाई गेलेली असेल तर "या माउलीनं चुलीच्या धुरात स्वतःचं आयुष्य जाळलं" हे वाक्य ठरलेलं. घरात चार वर्षं गॅस असला तरी जाळलंच. बोलता बोलता आवाज खाली जायचा, मग अडकायचा, मग नुसती शांतता. तेवढ्यात पांढरा रुमाल. बायकांच्या बाजूनं हुंदका आला की सर पुढं सरकायचे. नाही आला तर अजून थोडं अडकायचे.

एकाच आठवड्यात शाळेचं बक्षीस वितरण, दोन लग्नं आणि तीन दहावे असले की त्यांची थोडी गडबड व्हायची. एका म्हाताऱ्याच्या दहाव्याला त्यांनी शेवटी आभार मानले, "आपण सर्वांनी उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवली, अशीच उपस्थिती या कुटुंबाच्या पुढील कार्यक्रमालाही राहील अशी आशा बाळगतो." त्या कुटुंबात पुढची पाळी म्हातारीची होती आणि ती समोरच बसलेली होती. तिनं पदर तोंडाशी घेतला. ती रडतेय असं वाटून सरांचं समाधान झालं.

आजारी माणसाला मात्र ते कधी भेटायला गेले नाहीत. "मला नाही जमत. माझं मन फार हळवं आहे," असं सांगायचे. आमच्या शाळेच्या शिपाईमामांनी वीस वर्षं सरांना रोज अकरा वाजता चहा दिला, कमी साखरेचा, वेगळ्या कपात. मामा दोन महिने दवाखान्यात पडून होते. जाणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला विचारायचे, सर येनार हायेत का? सर गेले नाहीत. दहाव्याला आले आणि असे बोलले, असे बोलले, की घाटावर एकही डोळा कोरडा राहिला नाही. मामांची बायको नंतर माझ्या आत्याला म्हणाली, "लई रडले बाई सर. आदी आले असते तर ह्यांनी निदान बघितलं तरी असतं." मला विचाराल तर निगरगट्टपणाचा वाक्यात उपयोग इथं करायचा असतो.

आता माझ्या आईचं सांगते.

आईला पॅरालिसिसचा झटका आला आणि ती तीन वर्षं अंथरुणावर होती. मी एकुलती एक, लग्न होऊन भिंगारला. आठवड्याला एक चक्कर मारायचे, दोन दिवस राहायचे, परत. बाकी सगळं अण्णांनी केलं. माझे वडील बोलायला कमी, आधीपासूनच. शेतातून आले की हातपाय धुऊन थेट आईच्या कॉटपाशी. तिला भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची. तिला केस मोकळे ठेवलेले खपायचे नाहीत, म्हणून वेणी घालायला शिकले. मीच शिकवली, गोठ्यातल्या दाव्यावर. तिपेडी जमायची नाही, बोटं जाड. तरी रोज घालायचे. आई वाकड्या तोंडानं हसायची, कारण वेणी नेहमी एका बाजूला जायची.

ती गेली तेव्हा अण्णा रडले नाहीत. आत्यानं गळा काढला, मी काढला, शेजारणींनी काढला. अण्णा अंगणात सरपणाकडं बघत उभे होते. दहा दिवस लोक येत होते, अण्णा त्यांना पाणी विचारत होते. लोक जाताना आत्याजवळ कुजबुजायचे, "अण्णा लईच घट्ट हायेत बया." मी ते ऐकत होते आणि मला, खरं सांगते, अण्णांची लाज वाटायला लागली होती.

दहाव्याला सर आले. जुनी विद्यार्थिनी म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "वय किती?" मी सांगितलं, एकसष्ट. "मुलं?" सर, मी एकटीच. तुम्हाला माहीत आहे. "हो हो. आजारी होत्या की अचानक?" मी सांगितलं. अण्णांनी काय काय केलं तेही सांगायला लागले, तेवढ्यात चेअरमन आले आणि सर तिकडं वळले.

मुलगा नाही म्हणून विधी अण्णांनीच केले. डोकं भादरलेलं, खांद्यावर उपरणं. गुरुजींनी पिंड ठेवला आणि सगळे मागं सरकले. आता कावळा यायचा आणि पिंडाला शिवायचा. तो शिवला की गेलेल्याची काही इच्छा राहिली नाही असं समजून लोक उठतात. कावळे समोरच्या बाभळीवर होते, चार-पाच. एकही खाली येईना. अर्धा तास झाला. ऊन चढलं. अशा वेळी घरचे लोक पुढं होऊन हात जोडतात आणि गेलेल्याला शब्द देतात. आत्या म्हणाली, "वयनी, तुमच्या लेकीला मी माहेर कमी पडू द्यायची न्हाई, शिवा आता." मी म्हटलं, आई, मी अण्णांकडं बघीन. कावळे बाभळीवरच.

घाटावर तीन-चारशे माणूस. लोक घड्याळं बघायला लागले. मग सरांनी माइक हातात घेतला. ही त्यांची वेळ होती.

"मंडळी, माउली वाट पाहते आहे," सर म्हणाले. "कशाची? दागिन्यांची नाही. लुगड्याची नाही. चाळीस वर्षं जिनं संसार केला, तिला जाताना जोडीदाराच्या डोळ्यांतला एक थेंब हवा आहे. एकच." आवाज खाली गेला, अडकला. मग पुन्हा वर आला. "मराठीत एक शब्द आहे. तीस वर्षं मी तो तुमच्या मुलांना शिकवला, तुम्हालाही शिकवला. तो शब्द आज या पवित्र ठिकाणी मला उच्चारायला लावू नका."

तो शब्द त्यांनी उच्चारला नाही. गरजच नव्हती. समोर बसलेल्यांत निम्मे त्यांचेच विद्यार्थी. तीस वर्षांच्या तुकड्याच्या तुकड्या तिथं मांडी घालून बसल्या होत्या, आणि सगळ्यांना फळ्यावरच्या त्या दोन रेघा आठवल्या असणार. पुरुषांच्या बाजूला कुजबूज झाली. कुणीतरी तो म्हटलासुद्धा, मला स्पष्ट ऐकू आला.

अण्णा पिंडासमोर बसून होते. पाठ ताठ, हात मांडीवर. त्यांनी सरांकडं बघितलंही नाही. मी त्यांच्या मागंच होते. मी काय करायला हवं होतं, ते आता मला चांगलं कळतं. उठून माइक ओढून घ्यायचा होता. या माणसानं तीन वर्षं बायकोची वेणी घातली, तुम्ही कुणी काय केलंत, असं विचारायचं होतं. मी वाकले, अण्णांच्या कानाशी गेले आणि म्हणाले, "अण्णा, रडा की आता. लोक बघतायत."

अण्णांनी वळून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. ओळख पटत नसल्यावर माणूस बघतो तसं. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं घेतलं आणि एकदा या डोळ्याला, एकदा त्या डोळ्याला लावलं. मी जवळ होते, मला दिसलं. डोळे कोरडे ठणठणीत होते. मान खाली घातली आणि तशीच ठेवली.

"बघा मंडळी," सर माइकवर म्हणाले, "पाझर फुटला." आणि पांढरा रुमाल काढला.

बायका मोठ्यानं रडायला लागल्या. मीही रडले, कारण सुटले असं वाटलं. कावळा काही आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक उठले. जाताना चार जणांनी सरांना सांगितलं, आज तुम्ही होता म्हणून झालं.

त्यानंतर अण्णा कुणाच्याच दहाव्याला गेले नाहीत. आमच्याकडं लग्न चुकवलं तर चालतं, दहावा चुकवला तर वर्षभर बोलणं होतं. कुणी गेलं की अण्णा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकटेच त्या घरी जायचे, ओसरीवर घटकाभर बसायचे, उठून यायचे. ते कुणी मोजलं नाही. घाटावर दिसत नाहीत एवढंच मोजलं. तो शब्द मग गावात उघड वापरात आला. स्वतःच्या बायकोला रडला न्हाई, लोकांना काय रडनार, निगरगट्ट मानूस. चहाच्या टपरीवर एकदा माझ्या नवऱ्यानं ऐकलं, भांडून आला. अण्णांच्या कानावर जात नसेल असं मी धरून चालले होते. धरून चालणं सोपं असतं.

वर्षश्राद्धाला गेले तेव्हा एवढं मात्र केलं, की सरांच्या घरी गेले. सर झोपाळ्यावर बसून भाषणाची वही चाळत होते. मी म्हटलं, "सर, घाटावर तुम्ही अण्णांना तसं बोलायला नको होतं. अजून लोक नावं ठेवतात त्यांना."

"कोणते अण्णा?" सर म्हणाले.

मी वडिलांचं नाव सांगितलं. गाव सांगितलं. आई सांगितली. सरांनी डोळे मिटून आठवल्यासारखं केलं. "हां हां. कावळा येत नव्हता तो ना? चांगला झाला होता की कार्यक्रम. सगळा घाट रडला होता."

कार्यक्रम. मी त्यांना पुन्हा समजावून सांगितलं, अगदी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. आईचं आजारपण, वेणी, गावातलं बोलणं. त्यांनी सगळं ऐकलं. मधे एकदा झोपाळ्याला पाय दिला. आणि शेवटी म्हणाले, "वेणीचं आधी का नाही सांगितलंस? फार हृदयस्पर्शी आहे गं. वापरता आलं असतं."

मी चपला घालत होते तेव्हा सरांच्या पत्नी दारापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "अण्णांना माझा नमस्कार सांगा. मी होते त्या दिवशी घाटावर. मला फार वाईट वाटलं." तेवढंच बोलून आत गेल्या. त्या घरात एवढं तरी शिल्लक होतं.

सरांनी शिकवलेला अर्थ चुकीचा आहे, हे मला त्या दिवशी परत येताना एसटीत कळलं. पाझर आणि पाणी यांचा काही संबंध नाही. निगरगट्ट व्हायला आधी हातून चूक व्हावी लागते. मग ती कुणीतरी तोंडावर सांगावी लागते. आणि ते ऐकून घेऊन, समजून, माणसानं जसं होतं तसंच बसून राहावं लागतं, झोपाळ्यावर. अण्णांनी चूक काय केली होती? काही नाही. मग त्यांना तो शब्द लागूच कसा पडतो? सरांना पडतो, अगदी नेमका, मापात बसतो. एसटीत मला ते सुचलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. भिंगारला उतरेपर्यंत मी सरांना मनातल्या मनात पन्नासदा तो शब्द म्हणून घेतला.

अण्णांना मी सरांच्या पत्नींचा नमस्कार सांगितला. घाटावरचं काही बोलले नाही. वाटलं, जुनं झालंय, कशाला उकरायचं. मग दुसरं वर्ष गेलं. मग पाच. मग दहा. दर आठवड्याला फोन, महिन्याला चक्कर, दिवाळीला शर्ट. गोळ्या घेतल्या का, पाऊस झाला का, कांदा कसा आहे. सगळं विचारलं.

गौरव अंकाचा मेसेज आला म्हणून हे सगळं वर आलं. मागच्या रविवारी गावी गेले. अण्णा आता सत्याहत्तर वर्षांचे आहेत. अंगणात बसून लसूण सोलत होते, मी पण बसले. म्हटलं, "अण्णा, आमच्या मराठीच्या सरांवर लिहायला सांगितलंय. मी चांगलंच लिहिणार आहे त्यांना. तुम्हाला घाटावर बोलले ते सगळं."

अण्णा म्हणाले, "त्यांचं काय घिऊन बसलीस. त्यांचा उद्योगच हाय तो. कुनाचं बी मयत असू दे, त्यांचं बोलनं तेच. ते मला न्हाई लागलं."

"मग दहाव्याला जायचं का सोडलं?"

अण्णांनी पाकळी सोलून ताटलीत टाकली. दुसरी घेतली. "तू म्हनलीस ना," ते म्हणाले. "रडा की, लोक बघत्यात. आता दुसऱ्याच्या मयताला जाऊन बी लोक बघनार. मग म्हनलं, नगंच."

माझे हात थांबले. अकरा वर्षं मी सरांना शिव्या घालत होते. मी म्हटलं, "अण्णा, चुकलं माझं. त्या दिवशीच कळलं होतं. तुम्ही उपरणं डोळ्याला लावलंत तेव्हाच."

खरं तर एवढं सगळं मी म्हटलं नाही. "अण्णा, चुकलं माझं," एवढंच म्हटलं. पुढचं आत राहिलं, कारण अण्णांनी मान वर केली होती आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला होता.

"असू दे, असू दे," ते म्हणाले. "मला वाटलं हुतं तू इसरलीस. लेकराला काय ध्येनात ऱ्हातंय, दुखात बोलून गेली. आज आठवलं व्हय?"

मी विसरले नव्हते. एकही दिवस विसरले नव्हते.

मी म्हटलं, "हो अण्णा. आज आठवलं."